‘आलो’ की ‘आले’?

प्रश्न : ‘वेस्टर्न’ (घोडेस्वारांच्या अमेरिकी कथांच्या) बाजाची, ठाण्याच्या खाडीकाठी घडणारी, हुकूमशाही राजवटीतली दीर्घकथा लिहिते आहे. ८,००० शब्द झालेत. नायिकेचं एका मुलीवर प्रेम आहे आणि त्यामुळे तिला स्वतःचीच किळस येते. शेवटी ती स्वतःला स्वीकारते. वाचून दाखवली तर मैत्रिणी म्हणाल्या, “ही एकदम कशी बदलली?”
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ती बदललीच नाही, तुम्ही तिच्या तोंडी भाषण घातलंत. शेवटचा संवाद झाकून कथा वाचा. बदल दिसत नसेल, तर गडबड आधीच्या पानांत आहे.

अशा कथेत किळस नायिकेच्या स्वभावातली नसते, राजवटीनं शिकवलेली असते. सेरा गेली यांच्या ‘अपराइट विमेन वॉन्टेड’ या २०२० च्या लघुकादंबरीत सरकारमान्य मजकूरच वाचायचा असतो. बंदी असलेलं लिखाण सापडलं म्हणून बिआट्रिझला फाशी होते. तिच्यावर प्रेम करणारी एस्थर ग्रंथपाल बायकांच्या गाडीत लपून पळते. या सद्गुणी बायकांत राहून आपणही सुधारू, ही तिची आशा. गाडीवर भेटतात बेट आणि लीडा, दोघी एकमेकींच्या जोडीदार. दहा उपदेशांपेक्षा हे नुसतं दिसणं भारी पडतं.

तुमच्या नायिकेला शिकवलेली पाच वाक्यं कागदावर उतरवा : “अशा बायकांचा शेवट वाईटच होतो”, वगैरे. चार वाक्यांना एकेका प्रसंगानं छेद द्या, पाचवं तसंच राहू द्या. सगळी गळून पडली तर खोटं वाटतं. पहिला छेद पहिल्या २,००० शब्दांतच, आणि बारीक हवा. एक बाई दुसरीच्या ताटातली भाकरी न विचारता तोडून घेते, बस. मधल्या भागात नायिकेला काम शिकू द्या. खोगीर कसणं, पाण्याचा हिशेब ठेवणं : तिचा स्वतःवर विश्वास बसण्याआधी इतरांचं तिच्यावाचून अडू लागलं पाहिजे.

आणि ठाण्याच्या खाडीवर वाळवंट ओतू नका. वेस्टर्नमधून दोनच गोष्टी उचला : दोन वस्त्यांमधलं लांब अंतर आणि त्या अंतरात विरळ होत जाणारा कायदा. खारफुटी दोन्ही देते. शिवाय साधारण सहा तासांनी पाणी फिरतं, वाट बुडते. घोडा थकण्यापेक्षा हा पेच बरा.

प्रश्न : ‘अपराइट विमेन वॉन्टेड’मधल्या साय या पात्रासाठी वाटेवर ‘दे’ (they, बाई की पुरुष हे न सांगणारं) हे सर्वनाम येतं, गावात मात्र सुरक्षेपायी ‘शी’ (she, ‘ती’). हे मराठीत कसं आणायचं?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : ‘ते’ लावून मोकळे होऊ नका. ‘ते आले’ म्हटलं की आदरार्थी पुरुष उभा राहतो, ‘त्या आल्या’ म्हटलं की बाई, आणि ‘ते आलं’ म्हणजे पोर किंवा पाखरू. (प्रत्यक्षातली व्यक्ती स्वतःसाठी ‘ते’ निवडत असेल तर प्रश्नच मिटला, इथे बोलतोय ते कथेतल्या निवेदनाबद्दल.)

सकर्मक भूतकाळ वापरा, तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं : ‘सायनं घोडा बांधला’, ‘सायनं काठी उचलली’. ‘सायला हसू आलं’, ‘सायला निघायचं होतं’ हेही चालतं. संवादात ‘मी जाईन’, ‘आम्ही निघालो’, ‘तुम्ही आलात’ यांना लिंग नाही. ‘तू’ फसवा : ‘काय आणलंस?’ चालेल, पण ‘आलास’ की ‘आलीस’ इथे अडकाल. सर्वांत वाईट वर्तमानकाळ. ‘जातो–जाते’मधून सुटका नाही, म्हणून निवेदन भूतकाळातच ठेवा. येणं, बसणं, झोपणं ही अकर्मक क्रियापदं उरतात. तिथे ‘सायची पावलं थांबली’ अशी वळणं घ्या, पण एका परिच्छेदात दोनच. जास्त झाली की वाक्यं आखडतात.

गावात शिरताच मात्र ‘ती आली’, ‘मी आले’ बिनधास्त लिहा. इतकी पानं लिंगाशिवाय वाचलेल्याला तो ‘ले’ टोचेल, आणि तो टोचायलाच हवा. गावात असं बोलणं म्हणजे साय स्वतःला नाकारतेय असा अर्थ निघू देऊ नका. तो जीव वाचवण्याचा वेश आहे. बघा, आत्ता ‘नाकारतेय’ लिहिताना आम्हीही घसरलो. म्हणूनच खर्डा झाला की पेन्सिल घेऊन वाटेवरच्या पानांतल्या प्रत्येक क्रियापदाचा शेवट तपासा आणि सायशी जुळणारा प्रत्येक शेवट खोडा.