यंत्रमानव सोडून गमतीदार, तऱ्हेवाईक विज्ञानकथा मराठीत कुठे मिळतील? एकच संग्रह सुचवा. आम्ही नाशिकचे.

भरपूर आहेत, पण एकच संग्रह विचारताय तर जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' घ्या. पहिल्या पानापासून वाचू नका, थेट 'उजव्या सोंडेचा गणपती' काढा.

कसोटी सामन्यात आपला उजव्या हाताचा गोलंदाज अचानक डाव्या हाताने टाकायला लागतो. रहस्य शीर्षकातच अर्धं फुटलंय, म्हणून सांगतो: गडी आरशातल्यासारखा उलटा झालाय. कारण मोबियसची पट्टी. पारदर्शक कागदाची पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा. पट्टीवरून सरकत पूर्ण फेरी मारलेलं चित्र डाव्याचं उजवं होऊन परत येतं. तेच माणसाचं केलंय.

अशक्य गोष्ट एकच. बाकी जग आपल्या ओळखीचं. तऱ्हेवाईक कथा बहुतेकदा इथेच फसतात, लेखक पानापानाला नवा चमत्कार काढत बसतो. नियम एकच असला की वाचणाराही त्याला उलटतपासणीला घेतो. मला पडलेला प्रश्न: हा उलटा माणूस जेवणार काय? आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, साखर उजव्या घडणीची. त्याचे पाचकरसही उलटे, म्हणजे कुलूप एकीकडचं आणि किल्ली दुसरीकडची. दोन प्लेट मिसळ हाणली तरी पोटाला जवळपास काहीच लागायचं नाही. पाणी आणि मीठ तेवढं आपल्यासारखंच चालेल. (नाशिकच्या कुणीतरी ही पुढची कथा लिहाच.)

नारळीकरांची उलटापालटीची हौस जुनीच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. जयंत विष्णू नारळीकर, म्हणजे ज. वि. ना. उलटे वाचा! पहिलं बक्षीस मिळालं.

इतिहासाची आवड असेल तर त्यांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' शोधा. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय, यावर सगळी कथा उभी आहे.

तुम्ही नाशिकचेच म्हणताय, तर आधी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) विचारा. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते, तब्येतीमुळे येता आलं नाही. निदान पुस्तकं तरी गावात फिरती राहावीत.

विज्ञान नको, निव्वळ अद्भुत हवं असेल तर जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा'. त्यात दोनच दीर्घकथा आहेत आणि हसू जवळजवळ नाहीच, त्यामुळे रात्री झोपताना घेऊ नका.