दहावीला चाळीस वर्षं झाल्यावर शाळेच्या गेट-टुगेदरला जावं का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय, व्हॉट्सअॅपवर अचानक निरोप आलाय, इतक्या वर्षांत कुणाशी संबंध राहिलेला नाही. मग जावं का? लोक ओळखतील का? आणि आपण आयुष्यात ‘काही विशेष केलेलं नाही’ तर तिथे अवघडल्यासारखं होईल का?

जानेवारी २०२४ मध्ये मी नेमकी याच विचारात होते. शेवटी गेले, आणि तुम्हीही जा असंच सांगेन. ज्या कारणासाठी सांगतेय ते मात्र तिथे जाईपर्यंत मलाही माहीत नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमची शाळा सदाशिव पेठेतली, मराठी माध्यमाची, मुलं-मुली एकत्र. आम्ही मार्च १९८४ ची दहावी. परीक्षा संपली आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच राकेश शर्मा अंतराळात गेले, त्यामुळे त्या सुट्टीत आम्ही दुसरं काही बोलतच नव्हतो. जूनमध्ये मार्कलिस्ट घ्यायला शाळेत गेलो ते शेवटचं. माझे बाबा मी नववीत असताना, नोव्हेंबर १९८२ मध्ये, दिवाळी झाल्यावर गेले होते. दहावीनंतर आईने वाड्यातल्या दोन खोल्या सोडल्या आणि आम्हा दोघी बहिणींना घेऊन ती हडपसरला मामाकडे राहायला गेली. पुढे लग्न झालं, मी कोथरूडला आले. लक्ष्मी रोडला खरेदीला, अप्पा बळवंत चौकात मुलांच्या पुस्तकांना मी शेकडो वेळा गेले असेन. शाळेच्या बोळात मात्र एकदाही वळले नाही. वळवलंच नाही.

मला शोधून काढलं एका वर्गमैत्रिणीने. तिने केवढी खटपट केली होती ते नंतर कळलं. मुलगे पटापट सापडतात. नाव तेच, आडनाव तेच, बरेचदा घरही तेच. मुलींचं तसं नाही. लग्नानंतर आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि आमच्या पिढीत तर कितीतरी जणींचं पहिलं नावही तांदळात लिहून बदललेलं. ती मैत्रीण शाळेतून जुनी यादी घेऊन एकेका पत्त्यावर गेली. बहुतेक वाड्यांच्या जागी आता बिल्डिंगी उभ्या आहेत. कुठे शेजारच्या किराणावाल्याने सांगितलं, कुठे देवळातल्या गुरुजींनी. माझ्या मामेभावापर्यंत ती अशीच पोचली.

आता ओळखण्याबद्दल. तुमची ही भीती अगदी रास्त आहे, पण तेवढी गरज नाही. १९७५ साली अमेरिकेत हॅरी बॅरिक या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ ते ७४ वयाच्या ३९२ लोकांची परीक्षा घेतली होती. अनोळखी चेहऱ्यांमध्ये त्यांच्या शाळेच्या वार्षिकांकातले वर्गमित्रांचे फोटो मिसळून दाखवले. शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनीसुद्धा दहातले साधारण नऊ चेहरे बरोबर ओळखले. ‘वर्गात कोण कोण होतं ते आठवून सांगा’ म्हटल्यावर मात्र नावं फार थोडी निघाली. म्हणजे चेहरा आत कुठेतरी पक्का बसलेला असतो, नाव तेवढं वर येत नाही. अर्थात ते फोटो शाळेतल्या वयाचे होते, आजचे नव्हेत.

आमच्यातल्या एकाने यावर फार छान तोड काढली. दहावीच्या निरोप समारंभाला मैदानावर काढलेला काळा-पांढरा ग्रुप फोटो त्याने स्कॅन केला, त्यातून प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढला आणि बॅजवर छापला. खाली नाव, मुलींचं माहेरचं. त्यामुळे झालं असं, की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी सगळे छातीवरच्या बॅजकडे बघत होते, आणि मग वर बघून ‘अगं तू!’ तुमच्या आयोजकांना हे आवर्जून सुचवा. फोटो कुणाकडे ना कुणाकडे असतोच.

त्या रविवारी सकाळी वनाजहून मेट्रोने डेक्कनला उतरले आणि लकडी पूल चालत ओलांडला. अलका टॉकीजच्या चौकात आल्यावर पाय जड झाले. परत जावं असं मनापासून वाटलं. मी एका पतसंस्थेत ३१ वर्षं कॅशियर म्हणून काम केलंय. ग्रुपवर तर कुणी अमेरिकेतून येणार होतं, कुणी मोठ्या कंपनीत, कुणी सर्जन. तुम्ही लिहिलंय ते सगळं माझ्याही मनात होतं.

पहिला अर्धा तास तसाच गेला, खोटं कशाला सांगू. काय करतोस, कुठे असतेस, मुलं कुठे. पोहे आणि चहा होईपर्यंत ते चाललं. मग ते आपोआप संपलं, कारण त्या उत्तरांत कुणालाच पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. मजा वेगळीच होती. शाळेत आम्ही मुलं-मुली एकमेकांशी अक्षरशः बोलत नव्हतो. वहीसुद्धा बाईंच्या टेबलावर ठेवायची, तिथून दुसऱ्याने उचलायची. आता पंचावन्न-छप्पन वर्षांची माणसं समोरासमोर उभी, आणि एकमेकांना अरे म्हणावं की अहो, हेच ठरेना. शेवटी एकजण म्हणाला, “आज तरी अरे-तुरे करू या, तेव्हा राहून गेलं.” त्यानंतर हॉलमधला आवाज जो वाढला तो संध्याकाळपर्यंत कमी झाला नाही.

मग आमच्या मराठीच्या बाईंनी हजेरी घेतली. बाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. खुर्चीत बसून, चष्मा नाकावर घेऊन, शाळेच्या यादीवरून त्या एकेक पूर्ण नाव वाचत होत्या. आधी मुली, मग मुलगे. माझा नंबर आला. बाईंनी माझं नाव घेतलं, पुढे बाबांचं नाव, मग माहेरचं आडनाव.

लग्न १९९१ साली झालं. तेव्हापासून रेशनकार्ड, बँक, आधार, सगळीकडे माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे आणि ते बरोबरच आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण माझ्या नावाला लागून बाबांचं नाव कुणीतरी मोठ्याने उच्चारलेलं मी बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ‘हजर’ म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. शेजारच्या मैत्रिणीने माझा हात धरला आणि तिनेच माझ्या वतीने हजर म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. त्या यादीत एक जण मुळात नव्हताच. त्या काळी बऱ्याच शाळांमध्ये दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून अभ्यासात कच्च्या मुलांना नववीतच थांबवत. आमच्या वर्गातली अकरा मुलं अशी मागे राहिली. काहींनी पुढच्या वर्षी दहावी दिली, काहींनी शाळाच सोडली. ‘१९८४ ची दहावी’ म्हणून यादी काढली की ही मुलं आपोआप गळतात. बालवाडीपासून नऊ-दहा वर्षं आमच्याच बाकांवर बसलेली मुलं, आणि बॅचमध्ये मात्र नाहीत! हे बरोबर नाही, असं त्या शोधाशोध करणाऱ्या मैत्रिणीला पहिल्यांदा वाटलं, आणि तिने अकरांपैकी पाचांना गाठून आग्रहाने बोलावलं. दोघं आले. त्यातला एक जेवणाच्या वेळी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “तू छापखान्यातल्या काकांची मुलगी ना?”

माझे बाबा नारायण पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचे. मराठीचा एकेक खिळा वेगळा, काना-मात्रा-जोडाक्षरांचे खाने शेकड्यांनी, आणि बाबांचा हात न बघता त्या त्या खान्यावर जायचा, एवढं मला आठवतं. बाकी फार थोडं. हा मुलगा १९८२ च्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे कामाला जात होता, हे मला माहीतच नव्हतं. वापरून झालेले खिळे परत आपापल्या खान्यात टाकायचं काम. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते उलटं वाचायला बाबांनी त्याला शिकवलं. तो म्हणाला, “काका सांगायचे, माझ्या पोरीसारखं ओठ हलवून वाच, चूक लगेच सापडते.”

मी अजूनही ओठ हलवून वाचते. नोटा मोजतानाही माझे ओठ हलतात. बाबांनी ते कधी पाहिलं होतं, त्यांना ते आवडत होतं, चारचौघांत ते सांगत होते, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मसालेभाताचं ताट हातात धरून कळलं.

मग त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून एक लेबल. वहीला लावतात तसलं, दोन-अडीच इंचांचं. कडेने बारीक फुलांची चौकट, आत त्याचं पूर्ण नाव छापलेलं, खाली इयत्ता, तुकडी, विषय आणि पुढे रेघा. कागद पिवळा पडलाय, शाई अजून काळीकुळकुळीत. मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात, खिळ्याचा दाब तसाच आहे. सुट्टी संपताना बाबांनी त्याला शंभर लेबलं छापून दिली होती आणि सांगितलं होतं, इयत्ता कोरी ठेवलीय, दहावीलाही चालतील.

दहावी त्याने दिलीच नाही, त्यामुळे बरीच उरली. त्याने ती इतकी वर्षं जपून ठेवली. आज त्याचा स्वतःचा ऑफसेटचा छापखाना आहे.

माझ्या नवऱ्याने बाबांना पाहिलेलं नाही, माझ्या मुलांनी नाही. बहीण तेव्हा पाच वर्षांची होती. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाबांना चालता-बोलताना पाहिलेलं, त्यांचा आवाज ऐकलेलं माझ्याशिवाय कुणी उरलंय असं मी धरूनच चालले नव्हते. आणि त्या हॉलमध्ये अशी पाच-सहा माणसं निघाली! एकीला त्यांची सायकल आठवत होती, एकाला शाळेच्या फाटकाशी उभं राहून पेपर वाचायची त्यांची लकब. मीही एका मैत्रिणीला सांगितलं, की तिची आई मधल्या सुट्टीत गरम डबा घेऊन यायची आणि आधी पदराने तिचं तोंड पुसायची. तिला हे अजिबात आठवत नव्हतं. ती कितीतरी वेळ मला पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली: लुगडं होतं का पातळ, कुठला रंग, कुठल्या बाजूला उभी राहायची.

म्हणून जा म्हणते. तुम्ही कोण झालात याचा हिशेब तिथे फार वेळ टिकत नाही. पण तुमच्या घरातली माणसं, तुमचं लहानपण, ज्याचा आता तुमच्याजवळ फोटोही नसेल, ते त्या लोकांनी पाहिलंय. आणि तुम्ही त्यांचं पाहिलंय.

काही गोष्टी आमच्याकडेही मनासारख्या झाल्या नाहीत, त्या थोडक्यात. आधी काही जण पानशेतच्या बाजूला फार्महाऊसवर मुक्कामी कार्यक्रम करा म्हणत होते. निम्म्या बायका आल्या नसत्या. पहिल्या वेळी शाळेतच भेटा, रविवारी बरेचदा हॉल मिळतो. जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या आणि ते बुटके बाक बघितल्यावर जे आठवतं ते रिसॉर्टवर आठवत नाही. वर्गणी ८०० रुपये होती आणि ज्याला जमत नाही त्याने फक्त खजिनदाराला फोन करायचा, ग्रुपवर काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. हे फार महत्त्वाचं आहे. नंतर ग्रुपवर राजकारणाचे मेसेज आणि विम्याच्या पॉलिसी सुरू झाल्या, तेव्हा तो ग्रुप मी म्यूट केला आणि आठ-दहा जणींचा वेगळा केला.

आणि एक मनापासून सांगते. शाळेत कुणी तुम्हाला फार छळलं असेल, आणि ती व्यक्ती येणार असेल, तर जाण्याची सक्ती स्वतःवर करू नका. आमची एक मैत्रीण याच कारणाने आली नाही. आम्ही चौघी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. तेही गेट-टुगेदरच झालं.

जाणार असाल तर एकटे जा, नवऱ्याला किंवा बायकोला पहिल्या वेळी नेऊ नका. बरोबरच्या माणसाला सांभाळण्यात दिवस जातो. घरात जुनं काही असेल, प्रगतिपुस्तक, स्नेहसंमेलनाचा फोटो, कुणी सही केलेली वही, तर पिशवीत टाका. आणि आयोजकांना आजच फोन करून विचारा, की यादी दहावीची आहे की वर्गाची.

आमची अजून नऊ नावं सापडायची आहेत. त्यात चार मुली आहेत, ज्यांच्याबद्दल माहेरच्या आडनावापलीकडे काहीच हाती नाही. एकीचं घर पर्वतीच्या पायथ्याशी, कॅनॉलच्या जवळ होतं असं परवा कुणीतरी सांगितलं. येत्या रविवारी मी आणि ती मैत्रीण तिकडे जाऊन येणार आहोत.