फ्रान्सच्या खेड्यांत खाणं-फिरणं : वाचकांचे प्रश्न

फ्रान्समधल्या गावांकडे निघालेल्या वाचकांनी आणि तिथे राहायला गेलेल्या काही मराठी कुटुंबांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मे महिन्यात दोरदोन्य आणि आव्हेरों भागातल्या खेड्यांत राहणार आहोत. आम्ही शाकाहारी, त्यातले दोघे अंडंही खात नाहीत. जेवणाचे हाल होतील का? – नाशिक

हाल होणार नाहीत, पण तिन्ही त्रिकाळ हॉटेलांवर विसंबू नका. स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्या. त्याला तिथे 'झीत' म्हणतात. हंगामात ही घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्याने मिळतात. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत की वेगळे पैसे पडतात, हे आधी विचारून घ्या. सकाळी बाजार, दुपारी बाहेर जेवण आणि रात्री घरी स्वयंपाक, हे वेळापत्रक शाकाहारी माणसाला सर्वांत सोयीचं.

दोरदोन्य हा बदकांचा मुलूख आहे. तिथली खरी अडचण मांसाच्या पदार्थांची नसते, ते दिसतात आणि टाळता येतात. अडचण चरबीची. सार्ला गावाच्या नावाने ओळखले जाणारे लसूण-पार्सली घातलेले बटाटे बदकाच्या चरबीत परततात. 'तुरां' हे तिथलं लसणाचं सूप वाचायला शाकाहारी वाटतं, पण त्याची फोडणीही बहुतेकदा त्याच चरबीची असते आणि शेवटी अंडं घालतात. भाज्यांच्या सुपात कोंबडीचं पाणी असू शकतं. मसुरीच्या पदार्थात, भाजीच्या टार्टमध्ये आणि सॅलडमध्येसुद्धा 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, आणि पुष्कळांच्या लेखी ते मांसात जमाच नसतात. म्हणून 'व्हेजितारिएं' एवढं सांगून थांबू नका. एकेक नाव घेऊन सांगा: 'सां व्यांद' (मांस नको), 'सां प्वासों' (मासे नकोत), 'सां लार्दों', 'सां ग्रेस द कानार' (बदकाची चरबी नको), आणि अंडं नको असेल तर 'सां-झफ'. हे कागदावर लिहून न्या आणि बसल्या बसल्या दाखवा. ऑर्डर स्वयंपाकघरात गेल्यावर सांगून उपयोग होत नाही.

मागवण्यासारखं काय? गरम शेळीच्या चीजचं सॅलड जवळपास सगळीकडे मिळतं. त्यातले लार्दों काढायला सांगा. आव्हेरोंमध्ये ओब्राक पठारावरचा 'आलिगो' चुकवू नका. एक किलो उकडलेल्या बटाट्याला साधारण चारशे ग्रॅम ताजं, न मुरलेलं 'तोम' चीज, शिवाय साय, लोणी आणि लसूण. हे सगळं मंद आचेवर लाकडी उलथन्याने घोटत राहतात, मग त्याच्या हातभर लांब तारा निघतात. तो सॉसेजबरोबर वाढतात, म्हणून नुसता आलिगो मागा. ब्रेतान्यचा पदार्थ असला तरी कुट्टूच्या पिठाची 'गालेत' (पातळ धिरडं) मिळणारी क्रेपरी दक्षिणेतल्या गावांतही असते. गालेतचं पीठ मुळात कुट्टू, पाणी आणि मीठ एवढंच. पण काही ठिकाणी त्यात अंडं किंवा गहू मिसळतात, ते विचारा. गव्हाच्या गोड क्रेपमध्ये मात्र अंडं असतंच. अनेक गावांत आठवड्यातून एका संध्याकाळी पिझ्झाची गाडी येऊन चौकात उभी राहते. तिचा वार ग्रामपंचायतीच्या, म्हणजे 'मेरी'च्या, फलकावर किंवा बेकरीत कळतो.

चीजबद्दल स्पष्ट सांगायला हवं. रोकफोर, कोंते यांसारखी संरक्षित नावांची पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने, लावतात. ते चालत नसेल तर सुपरमार्केटमधल्या पाकिटावर 'प्रेझ्युर मिक्रोबियेन' किंवा 'कोआग्युलां व्हेजेताल' हे शब्द शोधा. तोमलाही हेच लागू आहे. गोडात बाव्हारवा आणि पान्ना कोत्तामध्ये जिलेटिन असतं.

यजमानांच्या घरी राहून त्यांच्याच टेबलावर जेवायची पद्धत, 'ताब्ल दोत', ही फ्रान्सची सगळ्यात सुंदर बाजू आहे. तिथे सर्वांना एकच जेवण असतं, म्हणून खाण्याचे निर्बंध बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा आणि दोन दिवस आधी पुन्हा आठवण करा. आयत्या वेळी सांगितलंत तर यजमानीण मनापासून अवघडते आणि ताटात फक्त उकडलेल्या फरसबीच्या शेंगा येतात.

गेल्या खेपेला दुपारी अडीचला एका गावात पोचलो तर काहीही खायला मिळालं नाही. सोमवारी तर पाव सुद्धा नाही. दुकानांचं नक्की गणित काय? – ठाणे

हे गणित पाठ केलं की अर्धा प्रवास सुखाचा होतो. बेकरी सकाळी सातच्या सुमारास उघडते, साडेबारा-एकला बंद होते, पुन्हा साडेतीन-चार ते सात. आठवडी बाजार आठ ते साडेबारा. बाराला विक्रेते आवरायला लागतात. इतर दुकानं बारा ते दोन बंद. जेवणाची वेळ बारा ते दोन अशी लिहिलेली असली तरी स्वयंपाकघर दीडच्या आसपास शेवटची ऑर्डर घेतं. रात्री साडेसातच्या आत कुणी वाढत नाही आणि लहान गावात नऊनंतर नवीन ऑर्डर घेत नाही. रविवारची रात्र आणि अख्खा सोमवार पुष्कळ हॉटेलं बंद ठेवतात, कारण शनिवार-रविवार राबल्यावर त्यांची सुट्टी तीच. बेकरीलाही आठवड्याची एक सुट्टी असते. गावात दोन बेकऱ्या असतील तर बहुधा त्या आळीपाळीने बंद राहतात; बंद दारावर दुसरीचं नाव लिहिलेलं असतं.

उशीर झालाच तर जवळच्या मोठ्या गावातलं सुपरमार्केट किंवा 'सेर्व्हिस कोंतिन्यू' (दिवसभर जेवण मिळेल) अशी पाटी असलेली ब्रासरी, म्हणजे साधं हॉटेल, शोधा. काही खेड्यांत चौकातच पावाचं यंत्र असतं, पैसे टाकले की बगेत, म्हणजे लांब पाव, मिळते. मे महिन्यात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: 1 मे आणि 8 मे सुट्टी, शिवाय ईस्टरवर अवलंबून असणारा असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकोस्टचा सोमवार. गुरुवारला जोडून शुक्रवारही घेतला जातो. 1 मेला जवळपास सगळंच बंद असतं, आदल्या दिवशी सामान भरून ठेवा.

बाजारात फळं-भाज्यांना हात लावू नका. आधी 'बोंजूर' (नमस्कार), मग काय हवं ते. खरबूज किंवा मऊ चीज मागितलंत तर 'आज खायचंय की उद्या?' असं विचारतील. त्याचं खरं उत्तर द्या, कारण त्यावर ते पिकलेलं किंवा कच्चं निवडून देतात. 'युन लिव्र' म्हणजे अर्धा किलो. दुकानात शिरताना बोंजूर न म्हणता थेट मागणी केली तर तो उद्धटपणा समजला जातो, आणि पुढची वागणूक त्यावर ठरते.

फ्रान्समधल्या नीस शहरात 'सोका' खाल्ला. बेसनाचाच आहे म्हणून घरी केला, पण मऊ, जाड धिरडं झालं. कुठे चुकतंय? – पुणे

तीन जागी चुकतं: जाडी, उष्णता आणि मुरणं.

प्रमाण असं: बेसन 250 ग्रॅम, पाणी 500 मिली, ऑलिव्ह तेल 50 मिली, मीठ सपाट एक चमचा. बेसन चाळून घ्या. आधी थोडंच पाणी घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी आणि तेल घाला. झाकून किमान दोन तास ठेवा, रात्रभर ठेवलंत तरी चालेल. वर आलेला फेस काढून टाका. न मुरलेल्या पिठाला कच्च्या बेसनाचा वास राहतो आणि मध्ये फटी पडतात. नीसमधलं पीठ काबुली हरभऱ्याचं असतं, आपलं बेसन हरभरा डाळीचं आणि जास्त बारीक. त्यामुळे मुरल्यावर पीठ घट्ट वाटलं तर आणखी दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला. डाव भरून ओतलं तर धार सलग, पातळ पडली पाहिजे. धिरड्याच्या पिठापेक्षा हे बरंच पातळ असतं, आणि पाणी वाढवताना आपला हात इथेच कचरतो.

नीसमध्ये सोका लाकडाच्या भट्टीत, कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या परातीत भाजतात. घरी बिडाचा सपाट तवा किंवा जाड लोखंडी ट्रे चालेल. ओव्हन 250 अंशांवर ठेवून तवा आत किमान पंधरा मिनिटं तापू द्या. बाहेर काढून त्यावर दोन मोठे चमचे तेल पसरवा आणि पीठ जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं ओता. 28 सेंटिमीटरच्या तव्याला वरच्या पिठापैकी तिसरा भाग पुरतो. सगळं एकदम ओतायचा मोह होतो आणि धिरडं होतं ते त्यामुळेच. वरच्या कप्प्यात आठ-दहा मिनिटं, मग फक्त वरची कॉइल चालू ठेवून तीन-चार मिनिटं, पृष्ठभागावर काळसर डाग येईपर्यंत. ते डाग म्हणजे करपणं नव्हे, चवच ती आहे. उलटायचा नाही. चिकटला तर तवा पुरेसा तापला नव्हता किंवा तेल कमी पडलं.

छोट्या ओटीजीत उष्णता कमी पडते. तेव्हा तवा गॅसवर धूर येईस्तोवर तापवा, पीठ ओता, कडा सुटल्या की तवा ओटीजीत वरच्या आचेखाली सरकवा. वाढताना उलथन्याने ओबडधोबड तुकडे करा आणि भरपूर भरडलेली मिरी घाला. हळद, जिरं, ओवा यांतलं काही नाही. घातलंत तर पदार्थ छानच होईल, पण तो सोका राहणार नाही. लगेच खा, दहा मिनिटांत तो वातड होतो.

नोकरीनिमित्त ग्रेनोब्लजवळच्या गावात आलो आहोत. शेजाऱ्यांनी संध्याकाळी सातला 'आपेरो'ला बोलावलंय. काय न्यावं? आई-बाबा पुढच्या महिन्यात येताहेत, त्यांच्याकडून काय आणवावं? – फ्रान्समधून एक वाचक

सातला बोलावलं असेल तर सात-दहाला जा. आधी अजिबात नको. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर शिष्टाचारातच मोडतो. आपेरो म्हणजे पेय आणि तोंडात टाकायला ऑलिव्ह, दाणे, सॉसेजचे काप. ते जेवण नव्हे. जेवायला थांबा असा आग्रह झाला नाही तर दीड-दोन तासांत उठावं. मद्य घेत नसाल तर फळांचा रस सहज मिळतो, कारण विचारत नाहीत. घरी केलेल्या चकल्या किंवा तिखट शंकरपाळे न्या, आपेरोला ते अगदी शोभतात. तिखट निम्म्याने कमी करा.

फुलं न्यायची असतील तर शेवंती चुकूनही नेऊ नका. आपल्याकडे ती देवाला आणि तोरणाला, पण फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबरच्या सुमारास शेवंतीच्या कुंड्या कबरींवर ठेवतात. ऑक्टोबरअखेर दुकानांबाहेर सुंदर, स्वस्त कुंड्यांची रांग लागते आणि नवा माणूस हमखास तीच उचलतो.

आई-बाबांच्या सामानाबद्दल: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून तूप, पनीर, खवा आणि खव्याची मिठाई नको. ताज्या फळांना आणि पानांनाही रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्ता विमानतळावर काढून घेतला जाऊ शकतो. गोडा मसाला, मेतकूट, पोह्याचे पापड, कोकमं खुशाल आणा.

भाड्याच्या गाडीने खेड्यांतून फिरताना कोणते नियम वेगळे आहेत? – कोल्हापूर

पहिला: उजवीकडून येणाऱ्याला वाट. गावात जिथे कुठलीही पाटी किंवा रेष नसेल तिथे उजवीकडच्या बारीकशा गल्लीतून निघालेल्या गाडीचाही हक्क आधी. ती गाडी थांबत नाही, थांबायचं तुम्ही. पिवळा शंकरपाळ्याच्या आकाराचा फलक दिसला तर तुमचा रस्ता मुख्य. त्यावर काळी तिरकी रेघ असेल तर तो हक्क संपला. गोल चौकात मात्र आतल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

दुसरा: लाल काठाच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव दिसलं की वेग ताशी 50, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. नावावर तिरकी लाल रेघ आली की गाव संपलं. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर 2018पासून 80 ची मर्यादा आहे. काही जिल्ह्यांनी ती पुन्हा 90 केली, म्हणून फलक बघा.

तिसरा, ज्याने सर्वांत जास्त सुट्ट्या बिघडतात: बाजाराचा दिवस. सार्लाचा मोठा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. गावच्या चौकात रात्री गाडी लावण्याआधी खांबावरची पाटी वाचा. उद्या बाजार असेल तर पहाटेच गाडी उचलून नेतात. निळ्या रेषांच्या जागेत पार्किंग फुकट असतं, पण पुठ्ठ्याची घड्याळ-चकती काचेमागे पोचल्याच्या वेळेवर लावून ठेवावी लागते. ती तंबाखूच्या दुकानात मिळते.

पंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल. त्याला गॅसोलीन समजून पेट्रोलच्या गाडीत भरू नका. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा.

गावातल्या उत्सवाच्या जेवणाला बाहेरच्यांनी जावं का? – डोंबिवली

जरूर जावं. मेरीच्या फलकावर 'रपा' (जेवण) हा शब्द, तारीख आणि नाव नोंदवायची मुदत शोधा. नोंदणी मेरीत, बेकरीत किंवा पर्यटन कार्यालयात होते, आणि पैसे तिथेच रोख द्यावे लागतात. खाली 'आपोर्ते व्हो कुव्हेर' असं असेल तर ताट, पेला, काटा-सुरी आपली न्यायची. हे न वाचता गेलेली मंडळी रिकाम्या हाताने रांगेत उभी असतात. लांब बाकांवर जागा मिळेल तिथे बसा, दोन्ही बाजूंना बोंजूर म्हणा, संध्याकाळ असेल तर बोंस्वार. पाव ताटात न ठेवता टेबलावरच ठेवतात, पण पालथा ठेवू नका, ते अशुभ मानतात. चीजचं ताट फिरेल तेव्हा एकदाच घ्या, आणि त्रिकोणी तुकड्याचं टोक कापून घेऊ नका. टोक म्हणजे चीजचा मधला, सर्वांत मऊ भाग. लांबीने कापलं की सगळ्यांना मधला भागही मिळतो आणि कडही.

आल्प्समध्ये चालताना मेंढ्यांच्या कळपातले मोठे पांढरे कुत्रे अंगावर येतात असं वाचलं. काय करावं? – सातारा

ते 'पातू', लांडग्यांपासून कळप राखणारे. धावू नका, ओरडू नका, काठी उगारू नका, डोळ्यांत बघू नका. जागीच थांबून त्याला वास घेऊ द्या, शांत आवाजात बोला, मग कळपाला लांबून वळसा घालून जा. कळपाच्या मधून वाट काढायची नाही. सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल कुत्र्याच्या व तुमच्या मध्ये धरून चाला. कोकरांना खायला घालणं किंवा जवळ जाऊन फोटो काढणं टाळा. सोबत तुमचा कुत्रा असेल तर त्या वाटेने जाऊच नका.