यादवी युद्धाचा धडा आणि मागे पडणारी मुले

प्रश्न : मी न्यू जर्सीतील एका शाळेत आठवीला इतिहास शिकवते. अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१–१८६५) भाग आला की काही मुले भराभर वाचून मोकळी होतात, तर काहींना एक परिच्छेदही जड जातो. कच्च्या मुलांकडून फक्त सनावळ्या आणि लढायांची नावे करून घ्यावीत, असे सहकारी सुचवतात. आपले मत काय?

उत्तर : हा सल्ला कृपया मानू नका. ज्या मुलाला वाचन जड जाते, त्याला विचारही जड जातो असे नाही, आणि कारणांपासून तोडलेल्या सनावळ्या तर त्याच्या डोक्यात मुळीच टिकत नाहीत. दक्षिणेकडील ११ राज्ये संघराज्यातून का फुटली, हा एकच प्रश्न साऱ्या वर्गापुढे ठेवावा. बदलायचे ते पुराव्याचे स्वरूप.

सुरुवात नकाशाने करा. १८६० च्या जनगणनेवरून सरकारी सर्वेक्षण खात्याने १८६१ मध्ये एक नकाशा छापला होता. ज्या परगण्यात गुलामांचे प्रमाण जास्त, तो अधिक गडद. मिसिसिपी नदीकाठचा काळा पट्टा दिसायला वाचन लागत नाही. व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग मात्र फिका आहे, आणि तोच १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य होऊन संघराज्यात राहिला. हा संबंध मुलांना स्वतः शोधू द्या. अनेकदा तो आधी मागच्या बाकावरून येतो.

त्यानंतर मिसिसिपी राज्याचे १८६१ चे फुटून निघण्याचे जाहीरनामापत्र घ्यावे. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असे त्यात सुरुवातीलाच स्पष्ट म्हटले आहे. काहींना तेवढे एकच वाक्य, अवघड शब्दांच्या अर्थांसह द्या आणि मोठ्याने वाचून दाखवा; इतरांना पूर्ण मजकूर द्या.

भराभर वाचणाऱ्यांना जास्त पाने नकोत, अधिक अवघड प्रश्न हवा. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर येथे गुलामगिरी होती, तरी ती राज्ये फुटली नाहीत, आणि लिंकन यांची १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा त्यांना लागू नव्हती. असे का, याचे उत्तर त्यांनी मांडावे.

गुलाम आणि मालक यांची सोंगे मात्र वर्गात कधीही घेऊ नयेत. त्यात कृष्णवर्णीय मुलांचा अपमान होतो. परीक्षेतही तोंडी उत्तराला, नकाशावर बोट ठेवून सांगितलेल्या कारणाला लेखी उत्तराइतकेच गुण द्यावेत.