'वीट, भिजवणे' की 'विटांचे भिजवणे'?

नागपूरच्या एका स्थापत्य अभियंत्यांनी विचारलंय : बांधकामाच्या तांत्रिक विनिर्देशाचा (स्पेसिफिकेशनचा) पाचशे पानी मराठी मसुदा तयार आहे, शेवटी सूची (इंडेक्स) जोडायची आहे. नोंद 'विटांचे भिजवणे' अशी करावी की 'वीट, भिजवणे'? आणि 'रेती' घ्यावं की 'वाळू'?

डोळे झाकून 'वीट, भिजवणे'. सूची चाळणारा माणूस मनात 'वीट' धरून येतो, 'विटांचे' धरून नाही. आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचं तोंडच बदलतं. 'विटांचे' जाणार ऱ्हस्व 'वि'त, 'वीट' दीर्घ 'वी'त. मधे 'विद्युतजोडणी', 'विहीर' वगैरे मंडळी.

पीडीएफमध्ये शोधता येत असताना सूची कशाला, असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. त्यांना 'सळई' शोधायला लावा. 'सळयांमधील अंतर' हे कलम सापडणार नाही. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याची चाचणी' हुकते. मराठीत सूची लागते ती यासाठीच.

म्हणून मुख्य नोंद नाम, शक्यतो एकवचनी आणि प्रत्ययाशिवाय. जे शब्द लोक अनेकवचनातच बोलतात, उदाहरणार्थ 'पायऱ्या', ते तसेच राहू द्या. तिथे व्याकरणाचा हट्ट नको. 'सिमेंट' या एका शब्दापुढे वीस पानांचे आकडे ओळीने लावू नका. त्याखाली 'साठवण', 'चाचणी', 'प्रकार' अशा पोटनोंदी करा. पृष्ठ क्रमांकाऐवजी कलम क्रमांक दिलात तर आणखी बरं : सुधारित आवृत्तीत पानं सरकतात, आणि ठेकेदाराशी वाद होतो तो कलमावरूनच.

रेती-वाळूचं उत्तर मजकुरात दडलंय. मजकुरात 'वाळू' असेल तर कलम क्रमांक 'वाळू'पुढे, आणि 'रेती'पुढे फक्त 'वाळू पहा'. पण 'रेती' गाळायची नाही. नागपूरकडे साइटवर कन्हान नदीची रेतीच येते आणि खडीला गिट्टीच म्हणतात; 'गिट्टी : खडी पहा' ही ओळ पुणेकराला फालतू वाटेल, आपल्या मिस्त्रीला वाटणार नाही.

आता क्रम. हा न विचारलेला प्रश्न, पण खरी गोची इथेच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो संकेतांक देतो त्या यादीत, 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. नुसत्या संकेतांकांवर क्रम लावला की 'गळती' 'गवंडी'च्या आधी येते. शाळेत वर्णमाला घोकलेला माणूस ती नंतर शोधणार. 'क्षरण', 'क्षमता'सुद्धा 'क'च्या शेपटाला चिकटतात. काही कोशांना ते चालतं, पण मला विचाराल तर 'ह, ळ, क्ष, ज्ञ' हाच क्रम ठेवा. लिबरऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूचीची भाषा वेगळी निवडता येते. ती मराठी करा आणि 'गवंडी-गळती' ही जोडी नजरेने तपासा.

'पायऱ्या' मुद्दाम घेतला होता. त्यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टंकला जातो : नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ'ने, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. मसुदा दोघांनी टंकला असेल तर सूचीत 'पायऱ्या' दोनदा येण्याची भीती आहे, निम्मी कलमं एकीपुढे, निम्मी दुसरीपुढे. सूची काढण्याआधी 'शोधा आणि बदला' चालवून सगळीकडे पहिला प्रकार करून घ्या.