पेटी बेसूर झालेली नाही, भाऊ

पत्र थोडक्यात असं:

"ताई, वय ६३, फोंडा तालुका. बार्ज दुरुस्तीच्या यार्डात २६ वर्षं गंज ठोकण्यात गेली. शिगम्यात ताशाही वाजवायचो. गेली आठ वर्षं दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात, रात्री जास्त. बायको हाका मारून दमते, मग 'आयकता न्ही?' म्हणते आणि गप्प होते. एका डॉक्टरांनी 'सवय करून घ्या' म्हणत दोन मिनिटांत वाटेला लावलं. शेवटी मुलाने कर्ज काढून दोन्ही कानांची मशिनं घेऊन दिली. चार दिवस लावली. पंखा विमानासारखा, ताटं-वाट्या डोक्यात. आणि एकादशीच्या भजनाला पेटीवर बोट ठेवलं तर सूर डगमगतोय! मशिनं आता कपाटात पंचांगाखाली आहेत आणि मी भजनाला जात नाही. रातकिडे थांबणारच नसतील तर मशिनचा उपयोग काय? सोबत कानाच्या तपासणीचा फोटो. — रातकिडा, फोंडा"

भाऊ, आधी पेटीचं बोलू. पत्रात ती शेवटी आली असली तरी मशिनं तुम्ही काढलीत ती पेटीमुळे, पंख्यामुळे नव्हे.

पेटीही बिघडलेली नाही आणि तुमची स्वरांची जाणही. ही डिजिटल मशिनं मुळात बोलणं ऐकवायला केलेली असतात. कानात शिट्टी वाजू नये म्हणून त्यांत एक बंदोबस्त असतो: एकसारखा लांबलेला आवाज आला की मशिनला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि ते ती दाबायला धावतं. तुम्ही धरून ठेवलेला षड्ज त्याला शिट्टीच वाटतो. बासरीवाल्यांचंही हेच गाऱ्हाणं असतं. तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे मशिन जुळवून देणाऱ्या कानाच्या तंत्रज्ञाकडे, परत जा आणि सांगा, "मला गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून द्या, शिट्टीचा बंदोबस्त आणि गोंगाट गाळणं त्यात कमी ठेवा." बऱ्याच मशिनांत ही सोय असते, बटणाने बदलता येते. जाताना पेटी घेऊन जा. हसतील, हसू देत. शांत खोलीत 'एक, दोन, तीन' म्हणून जुळवलेलं मशिन टाळ-मृदंगात कसं चालणार? कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी घालून आवाज मोजतात, त्याला रिअल इअर मेझरमेंट म्हणतात. ते केलं होतं का, तेही विचारा.

आता रातकिडे. पेटीतला एखादा सूर बसला की आपण काय करतो? भाता जोरात मारतो. सूर काही येत नाही, नुसती हवेची फुसफुस वाढते. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात. हातोड्यांनी आणि ताशाने तुमच्या बऱ्याच मारल्या, आणि त्या परत उगवत नाहीत. तिकडून काही येईना म्हणून मेंदू भाता मारत बसलाय. फोटोत ते दिसतंच: ५०० हर्ट्झला, म्हणजे खालच्या पट्टीत, २५ डेसिबल, वरच्या पट्टीत ४००० ला ७०, ८००० ला पुन्हा ५५. डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू येणं कमी. ४००० वरचा हा खड्डा म्हणजे ठोकाठोकीत आयुष्य काढलेल्याची खूण.

मशिन रातकिडे मारत नाही. ते बाहेरचा आवाज आत पोचवतं, मेंदूचा भाता थोडा सैल पडतो, आणि पुष्कळांना रातकिडे मागे सरकल्यासारखे वाटतात. रात्री मशिनं काढल्यावर ते परत येतील. तेव्हा खोली मुद्दाम शांत ठेवू नका. पंखा राहू दे, नाहीतर मोबाइलवर पावसाचा आवाज लावा, रातकिड्यांपेक्षा किंचित हळू. तरीही झोप उडत असेल तर समुपदेशनाने त्रास कमी होतो. त्यात 'वेड' काही नाही. लसणीचं गरम तेल मात्र कानात नको, जाहिरातीतल्या गोळ्याही नकोत.

एक सांगून ठेवते. आवाज एकाच कानात येऊ लागला, नाडीबरोबर धडधडू लागला किंवा एका दिवसात ऐकू येणं गेलं, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तो विभाग आहे. अचानक गेलेलं ऐकू येणं पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर परत येण्याची आशा असते.

चार दिवस म्हणजे काहीच नव्हे हो! मी सात वर्षं दोन्ही कानांना लावते. पहिल्याच शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले. चणेवाल्याने कागदाची पुडी वळली, तर वाटलं कुणी मागे सुकी चुडतं मोडतंय. घरी येऊन रडले. पुडी पुडीसारखी वाजायला तीन आठवडे लागले. तुमच्या मेंदूने पंखा इतक्या वर्षांत पुरता ऐकलेलाच नाही, बिचारा दचकणारच. पहिला आठवडा घरातच, दिवसाला दोन-तीन तास. मग वाढवा. भजन त्यानंतर, आणि बसायचं टाळकऱ्यांपासून लांब. मशिन म्हणजे कानाचं चिलखत नव्हे, उलट आवाज आत नेणारी वस्तू. ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो, १०० डेसिबलचा पंधराच मिनिटं. म्हणून नरकासुराच्या रात्री आणि शिगम्यात मशिनं घरी ठेवा, कानात फोमचे बोळे घाला.

आता वहिनी. त्यांना हा फोटो दाखवलात का? बहुतेक नसेल. स, श, त, फ या अक्षरांचा आवाज वरच्या पट्टीतला, म्हणजे नेमका तुमच्या खड्ड्यातला. आ, ओ, ऊ खालचे, ते तुम्हाला येतात. त्यामुळे त्या बोलल्या एवढं कळतं, 'साखर' म्हणाल्या की 'भाकर' ते नाही. त्यांना वाटतं, याला टीव्ही ऐकू येतो, मीच येत नाही. त्या गप्प होतात त्या रागाने नव्हे, असं मला पत्रावरून वाटतं. स्वयंपाकघरातून ओरडण्याऐवजी समोर येऊन, उजेडात, नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. ओरडून 'स' काही ऐकू येत नाही.

तुमच्या मशिनांना तपकिरी स्टिकरच्या बॅटऱ्या आहेत असं फोटोत कोपऱ्यात दिसलं. स्टिकर एकदा काढला की त्या वापरा न वापरा, हवेने संपत जातात. पंचांगाखालच्या आता गेल्या असतील. नवीन पाकीट आणा, स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मग घाला. रोज झोपताना बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशिनं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात डबी नसेल तर मशिनं टिकायची नाहीत. पुढच्या एकादशीला पेटीवर कोण बसलं, ते कळवा.

— ताई