नागपूरच्या कॉलेजात चौघे विरुद्ध एक शिकारी असा गेम बनवतोय. पाठलाग एकाचाच होतो, बाकी तिघे नुसते लपून बसतात. काय करू?

तिघांना असं काम द्या, जे केलं नाही तर शिकारीच जिंकेल आणि चुकलं तर त्याला ऐकू जाईल. डेड बाय डेलाइट या अशाच चौघे विरुद्ध एक शिकारी गेममध्ये ५ जनरेटर दुरुस्त केल्याशिवाय बाहेर पडायचं गेट उघडत नाही. दुरुस्तीत टायमिंग चुकलं की स्फोट होतो, शिकाऱ्याला जागा कळते. (आपल्या डबा ऐसपैसचंच तत्त्व: पाठलागात गुंतला की मागे डबा उडतो.) मग वेग जुळवा. पळणारा सेकंदाला ४ मीटर, शिकारी ४.६, म्हणजे १२ मीटरची आघाडी सरळ रस्त्यावर २० सेकंदांत संपते. वाटेत अडथळे हवेतच. मात्र बर्डीच्या कॅफेत शेजारी बसवून टेस्ट केली, तर चौघे बोलूनच जिंकतील. अनोळखी चौघांना, न बोलता, खेळवूनही आकडे तपासा.